वस्तऱ्याचे प्रोफेसर

अल-खोबरच्या हॉस्पिटलात मी रुजू झाले त्या सकाळी सेमिनार रूममधून काहीतरी फुटल्याचे आवाज येत होते. एक झाला, थोड्या वेळाने दुसरा, मग लागोपाठ दोन. कॉरिडॉरमधल्या फिलिपिनो सिस्टरने मला हसून खूण केली, जा, बघा. मी दार ढकललं. आत सहा-सात तरुण सौदी डॉक्टर बसले होते. प्रत्येकाच्या एका हातात फुगवलेला फुगा, फुग्यावर दाढीच्या साबणाचा जाड फेस आणि दुसऱ्या हातात उघडा वस्तरा. खाली रबराच्या चिंध्या पडल्या होत्या. एकाच्या चष्म्यावर फेस उडाला होता आणि तो तसाच गंभीरपणे पुढचा फुगा फुगवत होता.

त्यांच्यामधून एक बुटके, सावळे, मऊ चेहऱ्याचे गृहस्थ हात मागे बांधून फिरत होते. अंगात पांढरा कोट आणि कोटाच्या वरच्या खिशात, जिथे बाकीचे डॉक्टर पेन लावतात तिथे, कंगवा.

"नवीन भूलतज्ज्ञ ना तुम्ही? कुठल्या?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

"सांगलीची," मी म्हटलं.

"मग मराठीत बोला की. फुगा घेता का एक?"

डॉक्टर विश्वनाथ महाडिकांशी माझी ओळख ही अशी झाली. हातांच्या शस्त्रक्रियेत त्यांचं नाव मोठं होतं. आखाताच्या या किनाऱ्यावर जिथे जिथे यंत्रात बोटं सापडतात, तिथून माणसं त्यांच्याकडे पाठवली जायची. हॉस्पिटलला जोडून मेडिकल कॉलेज होतं, तिथे ते प्रोफेसर होते. अरबीत 'प' नाही, त्यामुळे म्हातारे पेशंट आणि दारावरचा शिपाई त्यांना 'बुरोफेसर' म्हणत. पुढे सगळेच म्हणायला लागले. मी मात्र सरच म्हणायची.

फुग्याचा प्रकार दरवर्षी व्हायचा. नवीन आलेल्या रेसिडेंटने फुगा न फोडता त्याची दाढी करून दाखवली की मगच सर त्याच्या हातात सर्जरीची सुरी देत. "दाबता कशाला?" ते म्हणायचे. "वस्तऱ्याला स्वतःचं वजन आहे. त्याला त्याचं काम करू द्या. तुम्ही फक्त वाट दाखवा." त्या वर्षी ज्या मुलीचा फुगा शाबूत राहिला तिचं नाव रीम. दम्मामची, अबोल, चष्मेवाली. बाकीच्यांचं चहापाणी सुरू झालं तरी ती फुग्यावरून वस्तरा फिरवत बसली होती. शेवटी तिने फेस पुसला आणि लख्ख गुलाबी फुगा सरांपुढे धरला. सरांनी त्यावरून बोटाची मागची बाजू फिरवली, जशी न्हावी गालावरून फिरवतो तशी, आणि म्हणाले, "गिऱ्हाईक परत येईल."

हे सगळं त्यांना कुठून आलं ते ते कधी लपवत नसत. उलट ओळख झाल्यावर पाच मिनिटांत सांगून टाकत. सर मूळचे लांज्याचे. वडिलांचं बाजारपेठेत केशकर्तनालय होतं. दोन खुर्च्या, एक आरसा आणि भिंतीवर शंकराचं कॅलेंडर. सर शाळा सुटली की दुकानात. फुग्यावर वस्तरा फिरवायला वडिलांनीच शिकवलेलं. फुगा महाग म्हणून एकच मिळायचा, तो फुटला की आठवडाभर नुसतं झाडू मारणं. पुढे शिष्यवृत्त्या मिळत गेल्या, मुंबईला एमबीबीएस, मग सर्जरी, आणि मग हाताची शस्त्रक्रिया शिकायला जर्मनी.

जर्मनीतलं गाव छोटं होतं आणि थंडी भयंकर. एका रविवारी नुसती ऊब मिळावी म्हणून सर तिथल्या म्युझियममध्ये शिरले. तिथे एक जुनं चित्र होतं. दाढीवाला, जाड भुवयांचा माणूस, एका हातात वस्तरा आणि दुसऱ्या हातात पुस्तक. सरांना वाटलं, चित्रकाराचं काहीतरी चुकलं. त्यांनी तिथल्या बाईंना विचारलं. बाईंनी सांगितलं, हा आमच्या गावचा जुना सर्जन, योस्ट नावाचा. तीन-चारशे वर्षांपूर्वी सर्जन म्हणजे न्हावीच असायचे. हा नुसता न्हाव्याचा सर्जन झाला नाही, पुढे विद्यापीठात प्रोफेसर झाला.

"मी तिथेच हसायला लागलो," सर सांगायचे. "बाई घाबरल्या. मी त्यांना म्हटलं, मग माझे वडील पण सर्जन आहेत. बाहेर येऊन फोनच्या बूथवरून लांज्याला फोन लावला. आमच्याकडे फोन नव्हता, शेजारच्या मेडिकलवाल्याकडे होता. त्याने वडिलांना हाक मारली. वडील आले, हातात फेसाचा ब्रश असणार. मी सगळं सांगितलं. ते ऐकून घेऊन म्हणाले, बरं. मग त्या योस्टाने दुकान बंद केलं की चालू ठेवलं?"

या योस्टशिवाय सरांचं एकही लेक्चर झालं नाही. मराठीत बोलताना ते त्याला योस्टबुवा म्हणत. मुलं इंग्रजीत 'मास्टर योस्ट' म्हणत. त्याची गोष्ट आम्हाला तोंडपाठ होती. योस्टबुवांचे वडील सार्वजनिक न्हाणीघरात लोकांच्या दाढ्या करायचे, गळवं फोडायचे, दात उपटायचे. विद्यापीठातले खरे डॉक्टर लॅटिनमध्ये बोलत आणि रक्ताला बोट लावत नसत. उंच खुर्चीवर बसून ते पुस्तकातून वाचत आणि खाली न्हावी कापत असे. योस्टबुवा तरुणपणी सैन्याबरोबर गेले आणि तंबूत जखमी माणसं बघून बघून शिकले. परत आले तेव्हा त्यांना वाटलं, पुस्तकात काय लिहिलंय ते आपणच वाचावं. म्हणून तिशी उलटल्यावर लहान मुलांच्या शाळेत लॅटिन शिकायला जाऊन बसले. बाक एवढा लहान की गुडघे आत मावेनात. मुलं त्यांच्या गुडघ्यांवर दगडाच्या गोट्या ठेवत आणि त्या खाली पडल्या की हसत.

मग योस्टबुवा प्रोफेसर झाले. पहिल्या दिवशी न्हाव्याच्या पोराला बघून विद्यार्थी उठून उभे राहिले नाहीत. बुवांनी त्यातल्या सगळ्यात मग्रूर मुलाला खुर्चीवर बसवलं, गळ्याला टॉवेल गुंडाळला आणि सगळ्यांसमोर त्याची दाढी केली. मुलाला भीती वाटत होती, पण हलता येईना. दाढी झाल्यावर बुवा म्हणाले, माझा हात कसा आहे ते याला कळलं, आता पुस्तक उघडू. आणि पुढे त्यांनी स्वतःचं पुस्तक लिहिलं ते लॅटिनमध्ये नाही, साध्या जर्मनमध्ये, म्हणजे गावोगावच्या न्हाव्यांना वाचता यावं.

ही गोष्ट सांगताना सरांचा आवाज असा लागायचा की वाटावं, बुवा लांज्यातच राहायचे आणि काल संध्याकाळीच दुकानात येऊन गेले.

खोबरमध्ये मराठी कुटुंबं बरीच आहेत. तेल आणि पेट्रोकेमिकलमधले इंजिनिअर, पुण्या-नाशिकचे. दिवाळीला कुणाच्या तरी फ्लॅटवर फराळ असतो. त्या वर्षी आमच्याकडे होता. सर आणि वहिनी आले होते. चकली खाताखाता पुण्याचे एक इंजिनिअर गृहस्थ सरांना विचारू लागले, "महाडिक म्हणजे तुम्ही मूळचे... सरदार घराण्यातले का? कुठले महाडिक?"

विचारण्यामागे काय आहे ते खोलीतल्या सगळ्यांना कळलं. माझ्या नवऱ्याने पाण्याचा ग्लास उगाच उचलला. सर मात्र चकली संपवून सावकाश बोलले. "आम्ही न्हावी. वडिलांचं लांज्याला दुकान." मग किंचित पुढे झुकून त्यांच्या डोक्याकडे बघत म्हणाले, "तुमचे मागचे केस कोण कापतं हो? डावीकडे जास्त गेलेत. टोपी घातल्यासारखं दिसतं."

गृहस्थांचा हात आपोआप मानेकडे गेला. वहिनी म्हणाल्या, "यांचं मनावर घेऊ नका. आमच्या लग्नात हे माझ्या भावाच्या केसांकडेच बघत होते. मंगलाष्टका चालू असताना."

सगळे हसले, ते गृहस्थही हसले, पण जरा उशिरा. मला वाटलं, गोष्ट तिथेच संपली.

पुढच्या वसंतात साथ आली आणि गावातली सगळी सलूनं बंद झाली. हॉस्पिटलमध्ये आम्ही थकून गेलो होतो. घरी बसलेल्या पुरुषांचे केस वाढून कानांवर आले होते. एका शुक्रवारी दुपारी सरांनी आमच्या कंपाउंडच्या अंगणात, लिंबाच्या सावलीत एक प्लास्टिकची खुर्ची मांडली. बाजूला टेबल, त्यावर कात्री, कंगवे, स्पिरिटची बाटली, धुतलेले टॉवेल. स्वतः ऑपरेशनचा गाऊन, मास्क, हातमोजे आणि वर चेहऱ्यावर प्लास्टिकचा पडदा. वहिनी फाटकापाशी उभ्या राहून एका वेळी एकाच माणसाला आत सोडत होत्या. बाकीचे आपापल्या गॅलरीतून बघत होते.

आधी मुलं आली, मग शेजारचे केरळी अकाउंटंट, मग इजिप्तचे एक मास्तर. सर सगळ्यांशी बोलत होते. अरबी, हिंदी, इंग्रजी, जे येईल ते. वर गॅलरीतून लोक सूचना करत होते. कानाजवळ अजून कमी करा, याचा जरा भांग पाडून द्या. सरांची कात्री थांबायची नाही. आणि मग फाटकातून पुण्याचे ते गृहस्थ आले. ते शेजारच्या कंपाउंडमध्ये राहायचे. क्षणभर ते खुर्चीजवळ उभेच राहिले.

"बसा," सर म्हणाले. "डावी बाजू मला आठवते."

ते बसले. सरांनी टॉवेल गुंडाळला आणि कामाला लागले. मग ते गृहस्थ, समोर बघतच, म्हणाले, "डॉक्टर, त्या दिवशी मी विचारलं ते बरं नव्हतं."

"मान खाली करा," सर म्हणाले. "जरा अजून. हं." आणि मानेवरचे केस ब्रशने झटकत म्हणाले, "तुम्ही विचारलंत म्हणून मला सांगता आलं. नाहीतर लोक मला सरदारच समजत राहिले असते."

त्यानंतर सलूनं उघडली तरी ते गृहस्थ दर महिन्याला सरांकडेच केस कापायला यायचे. येताना वहिनींसाठी बायकोने केलेली पुरणपोळी आणायचे. सरांनी मला एकदा सांगितलं, "डोकं चांगलं आहे माणसाचं. आतलं म्हणतोय मी. केस विरळच आहेत."

संतोषचा प्रसंग याच्या पुढच्या वर्षातला. संतोष गुहागरकडचा फॅब्रिकेटर, रास तनुराजवळच्या एका यार्डात कामाला होता, कॅम्पमध्ये राहायचा. सकाळी सकाळी त्याचा उजवा हात लोखंडी प्लेटांमध्ये सापडला. आमच्याकडे आणलं तेव्हा हात बघून हाडांचे डॉक्टर म्हणाले, मनगटापासून काढणं सगळ्यात सुरक्षित. त्यांचं चुकत नव्हतं. मी अशा हातांचं पुढे काय होतं ते पाहिलं होतं. बोटं वाचवायच्या नादात जंतू पसरतात आणि मग माणूस वाचवायची वेळ येते.

सरांनी हात भिंगातून बराच वेळ पाहिला. रीम त्यांच्या शेजारी होती. "अंगठ्यात जीव आहे," सर म्हणाले. "या दोन बोटांत असू शकेल. मला संध्याकाळपर्यंत वेळ द्या. लक्षण वाईट दिसलं तर मीच कापीन."

मी संतोषच्या खांद्यापाशी इंजेक्शन देऊन हात बधिर केला. तो जागा होता, नुसता थोडा गुंगीत. मधे कापडाचा पडदा. पडद्याच्या या बाजूला त्याचं डोकं आणि मी, त्या बाजूला हात, सर आणि रीम.

"सर," तो माझ्या बाजूने म्हणाला, "हात काढणार काय?"

"अजून ठरलं नाही," सर पडद्यामागून म्हणाले. "तू कुठला रे? गुहागर म्हणजे वेळणेश्वराकडचा की हेदवीकडचा?"

"हेदवीचा. सर, मी मृदंग वाजवतो वो. जाखडीला. आमच्या कॅम्पात नाचाची पार्टी आहे. माझ्याशिवाय नाचायचे नाय ती."

सरांनी भिंग जवळ ओढलं. मग म्हणाले, "संतोष, जर्मनीत एक योस्टबुवा होते. आमच्याच धंद्यातले. लढाईत माणसाचा हात असाच चेंगरला की बाकीचे सर्जन लगेच करवत काढायचे. बुवा म्हणायचे, कापायला केव्हाही वेळ आहे. आधी बघू. मीही तेच करतोय. आधी बघतोय."

"बुवांनी म्हटलं तर बरोबर असंल," संतोष म्हणाला आणि डोळे मिटून पडून राहिला.

मग तास गेले. सर आणि रीम सूक्ष्मदर्शकाखाली केसाहून बारीक दोऱ्याने रक्तवाहिन्या जोडत होते. सर मधेच संतोषला काही विचारायचे, घरी कोण आहे, गावाला भात कसा आहे, आणि तो उत्तर द्यायचा. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट वाचणार नव्हती, ती दोन्ही काढावी लागली. अंगठा रंगावर आला. राहिलेली दोन बोटं मात्र मेणासारखी पांढरीच राहिली. गरम पाण्याचे बोळे ठेवले, औषध सोडलं. रंग येईना. हाडांचे डॉक्टर दोनदा दारातून डोकावून गेले. दुपारच्या नमाजाची वेळ झाली, रीमला सर म्हणाले, जाऊन ये, मी आहे. ती म्हणाली, नंतर करीन, आणि जागची हलली नाही.

"रीम," सर म्हणाले, "तू जोडलेली वाहिनी उघड आणि पुन्हा जोड."

तिचे डोळे मास्कवर मोठे झाले. "तुम्ही करा, बुरोफेसर."

"माझे डोळे थकलेत. तुझे नाहीत. दाबू नकोस."

तिने पुन्हा टाके घातले. तिने चिमटे सोडले आणि आम्ही सगळे त्या बोटांकडे बघत राहिलो. आधी काहीच झालं नाही. मग मधल्या बोटाच्या मुळाशी एक अगदी फिकट गुलाबी छटा आली, ती वर सरकली, नखापर्यंत गेली. पाठोपाठ शेजारचं बोट. रीम मास्कच्या आत काहीतरी पुटपुटली. मला वाटतं, तिची नमाजच चालली असावी.

"संतोष," सर म्हणाले, "ऐकतोयस का? तुला तीन बोटं शिल्लक आहेत. अंगठा धरून."

"मृदंग वाजंल?"

"वाजेल. ताल जरा बदलावा लागेल."

पडद्याच्या या बाजूला संतोषच्या डोळ्यांतून पाणी कानाकडे वाहत होतं. मी ते पुसलं.

पुढे त्याला जुन्या कामावर घेता येणार नव्हतं. सरांनी कंपनीच्या कॅम्प मॅनेजरला स्वतः फोन करून करून त्याला स्टोअरमध्ये लावलं. काही महिन्यांनी सरांच्या मोबाइलवर एक व्हिडिओ आला. कॅम्पमधली खोली, वर-खाली लोखंडी खाटा, मध्ये जागा करून गोल नाचणारे दहा-बारा पुरुष आणि कोपऱ्यात मृदंग घेऊन बसलेला संतोष. डाव्या हाताची थाप भक्कम, उजवीकडे तीन बोटांची वेगळीच थाप. सरांनी तो व्हिडिओ पूर्ण डिपार्टमेंटला दाखवला. हाडांच्या डॉक्टरांना तर दोनदा दाखवला. त्यांनीही दोन्ही वेळा शेवटपर्यंत पाहिला आणि सरांच्या पाठीवर थोपटलं.

मग जर्मन पाहुणे आले. ते हाताचेच मोठे सर्जन, आमच्याकडे दोन दिवसांच्या कार्यशाळेला आले होते. दुसऱ्या दिवशी दुपारी खजूर आणि गहवा, म्हणजे अरबी कॉफी, घेऊन सगळे सेमिनार रूममध्ये बसलो असताना बोलण्यातून कळलं की सरांनी जिथे शिक्षण घेतलं त्या गावाच्या शेजारचेच ते. मुलांना राहवेना. एकाने विचारलं, "मग तुम्हाला मास्टर योस्ट माहीत असतील."

पाहुणे जरा आठवून म्हणाले, "म्युझियममधलं चित्र? हो, बघितलंय. पण त्यांच्याबद्दल फारसं कुणालाच माहीत नाही. चित्राखाली लिहिलंय तेवढंच. न्हाव्याचा मुलगा, सैन्यात सर्जन होता, नंतर विद्यापीठात प्रोफेसर झाला, जर्मनमध्ये एक पुस्तक लिहिलं. ते पुस्तकही आता मिळत नाही."

खोलीतल्या सगळ्या माना सरांकडे वळल्या. सर खजुरातली बी काढत होते.

रीमने विचारलं, "बुरोफेसर, आणि शाळेच्या बाकात न मावणारे गुडघे?"

"गुडघे माझे होते," सर म्हणाले. "जर्मन शिकायला संध्याकाळच्या वर्गात जायचो. तुर्की मजुरांची लहान मुलं असायची तिथे. गोट्या त्यांच्याच."

"आणि मग्रूर विद्यार्थ्याची दाढी?"

"ती माझ्या वडिलांनी केली होती. लांज्याच्या मामलेदाराची. नवीन आला होता, वडिलांना अरे-तुरे करत होता. दाढी झाल्यावर अहो-जाहो करायला लागला."

जर्मन पाहुणे आधी गोंधळले. कुणीतरी त्यांना सगळं समजावलं तसे ते इतके हसले की गहवा सांडला. आम्ही सगळेच हसत होतो. रीम मात्र हसत नव्हती. ती म्हणाली, "आणि कापायला केव्हाही वेळ आहे, हे?"

सरांनी बी बशीत ठेवली. "ते मी. संतोषच्या ऑपरेशनच्या दिवशी पहिल्यांदा म्हटलं. तो पोरगा घाबरला होता आणि खरं सांगायचं तर मीही. माझ्या एकट्याच्या शब्दावर आम्हा दोघांचा विश्वास बसला नसता. आणखी कुणीतरी हवा होता."

पाहुण्यांनी ते ऐकून घेतलं. मग म्हणाले, "गावी गेलो की मी म्युझियमवाल्यांना सांगीन. चित्राखाली आणखी थोडं लिहायला जागा आहे."

"नको," सर म्हणाले. "तिथे खोटं नको. इथे सांगायला मी आहे."

त्यानंतर लेक्चरमध्ये योस्टबुवांची गोष्ट थांबली असेल असं कुणाला वाटेल. थांबली नाही. उलट मुलंच स्वतःहून विचारायची, आज मास्टर योस्टने काय केलं? आणि सर नवीन काहीतरी सांगायचे. आता सगळ्यांना ठाऊक होतं की हे लांज्यात घडलं असणार किंवा मुंबईत किंवा कालच वॉर्डात, आणि मुलं जास्त लक्ष देऊन ऐकायची.

गेल्या वर्षी सर निवृत्त झाले. वहिनींना गावाकडची ओढ होती आणि सरांनाही मनातून जायचं होतं. सामान गेलं, घर रिकामं झालं, राहण्याचा परवाना, इकामा, जमा करायचे दिवस आले. डिपार्टमेंटने निरोपसमारंभ ठेवला, भाषणं झाली, सरांच्या अंगावर सोनेरी काठाचा अरबी झगा, बिश्त, चढवला. तो त्यांच्या पायांखाली येत होता. वर धरून चालताना ते म्हणाले, "नवरीसारखं झालंय माझं." हसण्यात समारंभ संपला.

पण मला आठवतो तो त्यानंतरचा, त्यांच्या कामाचा शेवटचा दिवस. सकाळी एक दहा-अकरा वर्षांची सौदी मुलगी आली होती, काचेच्या दारात हात जाऊन मनगटातले स्नायूंचे दोर तुटले होते. रीम तोपर्यंत कन्सल्टंट झाली होती. सगळ्यांना वाटलं, सर शेवटचं ऑपरेशन करणार. मुलीला भूल देऊन मी वर पाहिलं तर सर टेबलाच्या दुसऱ्या बाजूला, असिस्टंटच्या जागी उभे होते.

"बुरोफेसर?" रीम म्हणाली.

"आज मी हुक धरणार," सर म्हणाले. "यल्ला, डॉक्टर. पेशंट झोपला आहे."

ती त्यांच्या जागी उभी राहिली आणि सुरू केलं. सर जखम उघडी ठेवणारा हुक धरून उभे. मधेच रीम म्हणाली, "जरा डावीकडे." सर डावीकडे सरकले. थोड्या वेळाने ती म्हणाली, "हात हलतोय, बुरोफेसर."

"सॉरी, डॉक्टर," सर म्हणाले आणि दुसऱ्या हाताने मनगट धरलं.

तासाभरापेक्षा जास्त त्यांनी एकही सूचना केली नाही. एका ठिकाणी मला वाटलं, आता सांगतील. त्यांच्या भुवया वर गेल्या आणि परत खाली आल्या. रीमने ते दोर तिच्या पद्धतीने, सरांपेक्षा थोडे वेगळे, जोडले. शेवटी मुलीची बोटं एकेक करून हलवून पाहिली, सगळी वळली. तिने हातमोजे काढले आणि सरांकडे पाहिलं. सर म्हणाले, "बाहेर तिची आई बसली आहे. जा."

एरवी दर ऑपरेशननंतर ते स्वतः बाहेर जात. त्या दिवशी ते आतच थांबले. मी मुलीला रिकव्हरीत सोडून आले तेव्हा सर कपडे बदलून कॉरिडॉरच्या दारापाशी उभे होते, दाराच्या छोट्या काचेतून बाहेर बघत. मीही त्यांच्या मागून पाहिलं. काळ्या अबायातली मुलीची आई खुर्चीवरून उठली होती आणि रीम तिच्यासमोर उभी राहून बोलत होती, आपल्याच मनगटावर बोट फिरवून कुठे काय जोडलं ते दाखवत. आईने रीमचा तो हात दोन्ही हातांत धरला.

"काय सांगतेय ती?" मी विचारलं.

"इतकं भराभर बोलतेय, मला निम्मं कळत नाही," सर म्हणाले. "पण बरोबर सांगतेय."

ते आणखी थोडा वेळ काचेला नाक लावून उभे राहिले. मग डब्याची पिशवी उचलली, माझ्याकडे बघून मान हलवली आणि त्या दाराने न जाता मागच्या जिन्याने खाली उतरून गेले.